बस्ता कुठं बांधायचा: नागपूर की अमरावती?

लग्न ठरलं की आर्वी, कारंजा घाडगे, तळेगाव, वरुड, मोर्शी, धामणगाव या पट्ट्यातल्या घरांत एक वाद हमखास होतो. बस्ता, म्हणजे लग्नाची कापडखरेदी, नागपूरला बांधायचा की अमरावतीला? ही गावं दोन्ही शहरांच्या मधली, त्यामुळं दोन्हीकडचे पक्ष घरातच असतात. मुलीला नागपूरच्या धरमपेठेतली दुकानं पाहायची असतात, मामा तिथल्याच गांधीबागेचा आग्रह धरतो, आणि आहेराच्या साड्यांचा हिशेब ज्या काकूकडं असतो ती सरळ अमरावतीच्या बिझीलँड या ठोक बाजाराचं नाव घेते.

वाद हौसेचा वाटतो, पण त्यात कास्तकाराचं वर्ष पणाला लागलेलं असतं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. साठ हजारांचा बस्ता म्हणजे हमीभावानं धरला तरी जवळपास साडेसात क्विंटल कापूस. खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला विकताना, भाव पाडून मिळाला तर आठ-नऊ क्विंटल. कोरडवाहू वावरात एकरी पाच क्विंटल धरले, तर दीड एकराचं अख्खं पीक त्या एका दिवसात कापडाच्या दुकानात जातं.

म्हणून कुणाचा बाजार भारी, हे काचा, सरकते जिने आणि ब्रँडच्या पाट्या मोजून ठरवणं आम्हाला मान्य नाही. दोन्ही शहरांतले लोक तसंच मोजतात. खेड्यातून आलेलं गिऱ्हाईक संध्याकाळच्या गाडीनं परत निघतं तेव्हा त्याच्या पिशवीत काय आहे, हाती किती उरलं आणि त्याच कामासाठी त्याला पुन्हा यावं लागणार आहे का, यावर बाजाराचा दर्जा ठरावा. या मापानं आहेराच्या ठोक खरेदीत अमरावती पुढं आहे, निवडीत आणि शहरातल्या शहरात फिरण्यात नागपूर पुढं आहे, आणि खेड्यातल्या माणसाच्या अगदी साध्या गरजांत दोन्ही शहरं कमी पडतात.

या दोन शहरांची चढाओढ जुनी. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, तेव्हापासून राजधानी नागपूर आणि कापसाची पेठ अमरावती अशी वाटणी झाली. १९५६ मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं, तरी हिवाळी अधिवेशन, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, मोठी रुग्णालयं तिथं राहिली. त्यामुळं दाखल्याला, दवाखान्याला किंवा कोर्टाच्या तारखेला आलेला माणूस तिथल्याच बाजारातून काहीतरी घेऊन जातो. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाख आणि अमरावतीची साडेसहा लाखांच्या आसपास होती. एवढा फरक असूनही अमरावती कापडात टिकून आहे, याचं कारण तिनं खेड्यातल्या दुकानदाराला धरून ठेवलं.

नागपूरचा उंची बाजार एका जागी नाही. बर्डी (सीताबर्डी) म्हणजे व्हेरायटी चौक ते लोहापूल हा दाट पट्टा, तिथं फुटपाथवरच्या कुर्तीपासून नावाजलेल्या शोरूमपर्यंत सगळं. पश्चिमेला धरमपेठ, वेस्ट हायकोर्ट रोड आणि लक्ष्मीभुवन चौकाचा परिसर. इथं बुटीक, लेहेंग्याची आणि शेरवानीची दुकानं. सदरचा रेसिडेन्सी रोड वेगळा. आणि पूर्वेला इतवारी-गांधीबाग, जिथं कापड आणि सोनं ठोकात चालतं. एम्प्रेस मॉल उभा आहे ती जागा टाटांच्या एम्प्रेस मिलची. १८७७ मध्ये सुरू झालेल्या त्या गिरणीत कापसाचं कापड व्हायचं; आज तिथं बाहेरून शिवून आलेले कपडे विकले जातात. विदर्भाच्या पैशाचा प्रवास समजायला ही एक जागा पुरेशी आहे.

अमरावतीचं तसं नाही. शहरात राजकमल चौक, जवाहर रोड, गांधी चौक हा चालत उरकण्याजोगा बाजार, आणि शहराबाहेर नागपूर महामार्गावर नांदगाव पेठेच्या बाजूला बिझीलँड, सिटीलँड, ड्रीमलँड ही ठोक कापडाची संकुलं. ही संकुलं मुळात गावोगावच्या दुकानदारांसाठी. बस्त्याचं गिऱ्हाईक नंतर आलं आणि मोठ्या संख्येनं आलं. आज तिथली काही दुकानं चिल्लरही देतात, काही फक्त सेटवर देतात. दारातच विचारून घ्यावं, नाहीतर शंभर साड्या उलगडून पाहिल्यावर कळतं की एक नग मिळणार नाही.

सेट म्हणजे एकाच डिझाइनच्या चार, सहा किंवा आठ रंगांच्या साड्या. आहेराला २० साड्या हव्यात आणि सेट सहाचा असेल तर १८ घ्याव्या लागतात किंवा २४. प्रत्येक सेटमध्ये एक-दोन रंग असे असतात, की ते कुणालाच नको असतात. काळपट, फिकट, नाहीतर मानाच्या बाईला चालणार नाही असा पांढरा. नगाला शंभर रुपये वाचवून २० साड्यांवर दोन हजार वाचले असं वाटतं, पण चार साड्या जास्तीच्या झाल्या आणि तीन पडून राहिल्या की बचत संपते. यावर उपाय जुनाच आहे. एका गावातल्या किंवा भावकीतल्या दोन लग्नघरांनी मिळून जावं, याद्या आधी एकत्र कराव्यात, आणि सेट तिथल्या तिथं वाटून घ्यावा. अमरावतीची ठोक खरेदी अशा जोडीनंच परवडते. आहेराच्या साड्या दहाच्या आत असतील तर ठोकाच्या नादी लागू नये, तालुक्याच्या दुकानातूनच घ्याव्यात. तिथं नको झालेला रंग दुसऱ्या दिवशी बदलून मिळतो.

आता नवरीच्या शालूचं आणि नवरदेवाच्या कपड्यांचं. इथं निवड लागते आणि नागपूरचं पारडं जड होतं. शालू घेताना दोन गोष्टींत फसगत होते. पहिली रंगाची. शोरूममधल्या पिवळ्या दिव्यांत मरून लाल दिसतो, राणी रंग गुलाबी दिसतो, आणि जरी आहे त्याहून उजळ. साडी दारापर्यंत नेऊन उन्हाच्या उजेडात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चांगला दुकानदार याला कधीच आडकाठी करत नाही. दुसरी ब्लाउजपीसची. साधारण साडी साडेपाच मीटर आणि पुढं ८० सेंटिमीटर ब्लाउजचं कापड असं ६.३० मीटरचं माप असतं. लांब बाही, मागं डिझाइन किंवा जरा मोठं माप असेल तर ८० सेंटिमीटर पुरत नाही, शिंपी मीटरभर मागतो. मग त्याच रंगाचं जोडकापड शोधायला पुन्हा शहर. दुकानातच साडी पूर्ण उलगडून टेपनं मोजावी. पदराला, काठाला आणि घडीच्या रेषेवर धागा ओढला गेलाय का, तेही त्याच वेळी दिसतं.

रेशीम म्हणून विकलं जाणारं सगळंच रेशीम नसतं. पदराच्या टोकाचा सुटा धागा जाळून पाहिला की कळतं. खऱ्या रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सिल्क मार्क ही शुद्ध रेशमाची खूण असेल तर ही खटपट वाचते. आणि रेशमाचीच गोष्ट आहे तर एक स्पष्ट बोलायला हवं. करवत काठी ही टसर रेशमाची साडी विदर्भाची आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे, भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगाव, मोहाडीकडं आणि नागपुरात ती विणली जाते. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, अंगावर हलकी, उन्हाळ्याच्या लग्नात घाम सोसणारी. बनारसी आणि कांजीवरमला धरमपेठेच्या काचेत पहिली जागा मिळते; नागपूरला आपला बाजार उंची म्हणवून घ्यायचा असेल तर ती जागा करवत काठीला मिळाली पाहिजे.

शेरवानी किंवा सूट हा बस्त्यातला सगळ्यात महागात पडणारा भाग, आणि तो किमतीपेक्षा दुरुस्तीमुळं महागात पडतो. तयार शेरवानी खांद्यात बसली पाहिजे. बाही, लांबी, कंबर नंतर कमी करता येते. खांदा करता येत नाही, केला तर सगळी शिवण वाकडी जाते. दुकानदार म्हणतो आठ दिवसांनी या. तो आठवा दिवस म्हणजे दोघा-तिघांचं तिकीट, ऑटो, जेवण आणि एका दिवसाचं काम. हजार-बाराशे सहज जातात. म्हणून भाव ठरवण्याआधी विचारावं, की दुरुस्ती आज संध्याकाळपर्यंत होईल का. होणार नसेल तर तेवढी रक्कम भावातून कमी करून घ्यावी आणि दुरुस्ती गावाकडच्या चांगल्या शिंप्याकडून करावी.

करही इथंच आडवा येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिवलेल्या कपड्याची किंमत नगाला २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेली की १८ टक्के. कर सोडून २,५०० ला ठरलेला कुर्ता करासह २,६२५ ला पडतो. तोच २,६०० ला ठरला तर ३,०६८ ला. भावात शंभराचा फरक आणि बिलात ४४३ रुपयांचा. त्यामुळं ‘प्लस जीएसटी’ म्हणून भाव सांगणाऱ्या दुकानात घासाघीस या रेषेभोवती करावी. छापील एमआरपी असेल तर कर त्यातच धरलेला असतो, त्यावर पुन्हा कर लावता येत नाही. आणि न शिवलेल्या कापडावर ५ टक्केच कर आहे, मग ते कितीही भारी असो. १२,००० च्या शेरवानीवर २,१६० रुपये कर जातो. सहा हजारांच्या कापडावर ३०० रुपये. उरलेल्या पैशात तालुक्याचा शिंपी मापात शिवून देतो आणि पैसा गावाजवळ राहतो. मात्र लग्नसराईत त्याला निदान महिनाभर आधी कापड द्यायला हवं.

सोन्याच्या बाबतीत शहराचा फरक जवळजवळ संपला आहे. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर एचयूआयडी हा अंक-अक्षरांचा सहा जागांचा ओळख क्रमांक लागतो, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि २२ कॅरेटला ९१६ हा आकडा लागतो. डोरलं, गरसोळीची वाटी, अंगठी, काहीही असो, नग दोन ग्रॅमच्या वर असेल तर हा नियम लागू. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कुठल्या प्रकारचा दागिना कोणत्या शुद्धतेचा म्हणून नोंदला आहे ते दिसतं. हे काउंटरवर उभं राहूनच पाहावं. हॉलमार्कचं शुल्क नगाला ४५ रुपये आणि त्यावर जीएसटी; त्याच्या नावावर कुणी शेकड्यांत पैसे मागत असेल तर बिलात वेगळं लिहून मागावं. खरी घासाघीस मजुरीची असते. जुनं सोनं मोडीत घालताना खडे आणि लाख काढण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही वजनं डोळ्यांसमोर व्हावीत. म्हणून सोन्यासाठी इतवारी की अमरावतीचा सराफा, याचं आमचं उत्तर सरळ आहे: जवळचा घ्यावा. दागिना पुढं दुरुस्तीला, पॉलिशला, मोडीला त्याच दुकानात न्यायचा असतो.

प्रवासात नागपूरनं गेल्या काही वर्षांत खरंच बाजी मारली. ११ डिसेंबर २०२२ ला मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला; तिच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना मिळतात. हिंगणघाट, वर्धा, बुटीबोरीकडून येणाऱ्यानं खापरीला मेट्रो धरली तर गर्दीचा वर्धा रोड टाळून तो थेट बर्डीला उतरतो. तिथून धरमपेठेसाठी शंकरनगर, गांधीबाग-इतवारीसाठी अग्रसेन चौक किंवा चितार ओळी. एका दिवसात तिन्ही बाजार पाहणं आता जमतं. अमरावती रोडनं, म्हणजे कोंढाळी-वाडीकडून येणाऱ्याला मात्र ही सोय नाही. पहिल्या टप्प्यातली मार्गिका हिंगणा रोडनं लोकमान्यनगरला जाते. त्याला बहुतेकदा गणेशपेठ स्टँडवर उतरून पुढं ऑटो करावा लागतो.

अमरावतीत शहरातला बाजार पायी होतो, अडचण ठोक संकुलांची. ती महामार्गावर. नागपूरकडून येणारी साधी गाडी वाटेत थांबली तर ठीक. जलद गाडीनं स्टँडवर जाऊन उलटं परत यावं लागतं, आणि साड्यांचे गठ्ठे घेऊन पुन्हा स्टँड गाठायचा म्हणजे ऑटोवाला म्हणेल तो दर. २४ साड्यांचं वजन १२ ते १४ किलो होतं. सोबत शेले, टोप्या, टॉवेल असतील तर एका माणसाला ते उचलवत नाही. ज्या शहराचा मोठा व्यापार खेड्यातल्या गिऱ्हाईकावर चालतो, त्या शहराला स्टँड ते ठोक बाजार अशी दर अर्ध्या तासाची बस ठरलेल्या तिकिटात चालवता येऊ नये, हे पटत नाही.

इथून पुढं दोन्ही शहरांची तक्रार सारखीच आहे, आणि आमच्या मते हाच मुख्य मुद्दा आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. घरातल्या चार बायकांनी मिळून बस्त्याला जाणं त्यामुळं परवडू लागलं. पूर्वी भाड्याच्या गाडीत दोघींना जागा मिळायची आणि निवड पुरुष करायचे. म्हणजे बाजारात येणारं माणूस बदललं. पण बाजाराचं नियोजन अजून चारचाकीवाल्याभोवती फिरतं. नवा रस्ता झाला, मॉल झाला की चर्चा पार्किंगची. गणेशपेठेत किंवा अमरावतीच्या स्टँडवर उतरलेल्या बाईला स्वच्छ शौचालय कुठं आहे, लहान लेकराला पाजायला आडोसा कुठं आहे, सकाळी घेतलेली पिशवी दुपारपर्यंत कुठं ठेवायची, याचं उत्तर नियोजनात सापडत नाही. बर्डीच्या भर रस्त्यावर बायका मॉल शोधत जातात, कारण शौचालय तिथंच असतं. अनेक जणी दिवसभर पाणी पीत नाहीत. एप्रिल-मेच्या विदर्भाच्या उन्हात हे जिवावर बेतणारं आहे.

कुणी म्हणेल, मॉल आहेत ना, तिथं थंडावाही आहे आणि शौचालयही आहे. पण लग्नाचा बस्ता मॉलमध्ये होत नाही. आहेराचं लुगडं, नऊवारी, उपरणं, हळदीची साडी हे बर्डी, गांधीबाग, जवाहर रोडच्या गल्ल्यांतच मिळतं. बस्त्याचं गिऱ्हाईक जिथं पैसा खर्च करतं, सोय तिथं व्हायला हवी. आणि हा खर्च उपकार म्हणून करायचा नाही. या रस्त्यांवरची भाडी, तिथला मालमत्ता कर, तिथल्या दुकानांची उलाढाल यांत खेड्यातून आलेला पैसा मिसळलेला आहे.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दोन्ही शहरांत सर्रास लटकते, आणि लांबून आलेलं गिऱ्हाईक तिच्यामुळंच गप्प बसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पक्कं बिल न देणंही तसंच. रंग आवडला नाही म्हणून बदलून मागणं हा दुकानदाराच्या मर्जीचा प्रश्न. पण पहिल्या धुण्यात काठाचा रंग अंगात उतरला, जरी सुटली, कापड घडीवर फाटलं, तर तो दोष आहे. अशी तक्रार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते. दुकान नागपूरचं असलं तरी वर्ध्याच्या माणसाला वर्ध्यातच दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीसाठी शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. या सगळ्याला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे बिल. ‘कच्च्यात घ्या, पाच टक्के वाचतील’ असं म्हणणाऱ्या दुकानात शालू घेऊ नये. साठ हजारांत वाचतात ते तीन हजार, आणि हातचा जातो तो सगळा हक्क.

दोन्ही महापालिकांकडून आणि एसटीकडून मागण्या मोठ्या नाहीत. गणेशपेठ, मोरभवन आणि अमरावतीच्या स्टँडवर पावती देणारं सामानघर. बाजाराच्या दर अर्ध्या किलोमीटरला महिलांसाठी चालू स्थितीतलं, पाणी असलेलं शौचालय आणि त्याकडं नेणारी मराठी पाटी. लग्नसराईत आर्वी, वरुड, धामणगाव या वाटांवर रात्री साडेआठनंतर एक जादा गाडी, कारण शेवटची गाडी चुकेल या धाकानंच अर्धी खरेदी घाईत होते आणि घाईत घेतलेलीच बदलायला पुन्हा यावं लागतं. व्यापारी संघटनांनी दुरुस्तीचे शिंपी दुकानाजवळ बसवावेत आणि त्याच दिवशी काम देण्याची पाटी लावावी. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघतात, त्याच सुमारास कापसाचा पहिला चुकाराही हाती येतो. सामानघर, शौचालयं आणि जादा गाड्या, ही कामं दिवाळीच्या आधी उरकायला हवीत. जे शहर ती आधी करेल, मधल्या पट्ट्यातले बस्ते तिकडं वळतील.